ज्यांना गुण आला नाही

गांधीजींच्या सर्व लिखाणात लोकांनी अधिकांत अधिक वाचलेले पुस्तक कोणते, असे कोणी विचारले तर आपण बहुधा आत्मकथेचे नाव घेऊ. खुद्द गांधीजींचे उत्तर निराळे होते. आत्मकथेतच एके ठिकाणी ते सांगतात, की आपल्या लेखनात सर्वांत जास्त वाचले गेले ते आरोग्यावरचे एक लहानसे पुस्तक. आणि असे का व्हावे याचा आपल्यालाच उलगडा झालेला नाही. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’च्या गुजराती वाचकांसाठी लिहिलेली ती लेखमाला. पुढे १९४२ साली पुण्याच्या आगाखान महालात स्थानबद्ध असताना त्यांनी तोच विषय पुन्हा हाती घेतला, आणि ‘आरोग्यनी चावी’ हे छोटे पुस्तक सिद्ध झाले. प्रस्तावनेखाली तारीख आहे २७ ऑगस्टची. त्याआधी बाराच दिवस, १५ ऑगस्टला, त्याच महालात महादेवभाईंचा देहान्त झाला होता. त्या दुःखातून माणूस उठतो आणि हवा, पाणी, अन्न, माती यांवर शांतपणे लिहू लागतो, ही गोष्ट लक्षात ठेवूनच हे पुस्तक वाचावे असे मला वाटते. मात्र लक्षात ठेवावी म्हणजे तिच्या भाराखाली दबून जावे, असे नव्हे.

पुस्तक म्हणून पाहिले तर ‘चावी’ देखणी आहे. वाक्ये आखूड, एका वाक्यात एकच गोष्ट. उपमा जवळजवळ नाहीतच. शरीर, हवा, पाणी, आहार, मसाले, चहा-कॉफी, मादक पदार्थ, तंबाखू, ब्रह्मचर्य, आणि उत्तरार्धात माती, पाणी, आकाश, सूर्यप्रकाश व वायू ही पंचमहाभूते. मी शाळेत मुलांना निबंध शिकवते; नेमके कसे लिहावे हे दाखवायला याहून सोपा नमुना मिळणे कठीण. मसाल्यांचे प्रकरण मात्र दिवाळीत वाचू नये. एका हातात हा अंक व दुसऱ्या हातात चकली असलेल्या वाचकाला त्यात फारसा दिलासा मिळणार नाही.

माझा विषय आहे तो या गद्यातला पुरावा. गांधीजींचा लाडका शब्द ‘प्रयोग’. सत्याचे प्रयोग, आहाराचे प्रयोग, मातीचे प्रयोग. शास्त्रज्ञही हाच शब्द वापरतो, आणि सगळा घोटाळा तेथे सुरू होतो. गांधीजींच्या प्रयोगात प्रयोग करणारा, ज्याच्यावर प्रयोग होतो तो, निरीक्षण टिपणारा आणि शेवटी निकाल देणारा असे चौघे बहुधा एकाच धोतरात वावरत असतात. साधन असते ते आठवणीचे. ती आठवण किती भरवशाची? ‘चावी’च्या प्रस्तावनेतच गांधीजी म्हणतात, की जुनी प्रकरणे आपण १९०६च्या सुमारास लिहिली. प्रत्यक्षात ती १९१३ची. सात वर्षांची चूक कोणाचीही होईल, आणि तुरुंगात तर होईलच. पण कोणत्या पट्टीने कोणाचा ताप कोणत्या दिवशी उतरला, हेही तीच आठवण आपल्याला सांगत असते.

आत्मकथेतले मणिलालच्या आजाराचे प्रकरण घ्या. साल १९०२, स्थळ मुंबई. दहा वर्षांच्या मुलाला विषमज्वर, त्यात न्यूमोनिया. पारशी डॉक्टर म्हणतात, औषधाचा उपयोग थोडाच. अंडी आणि कोंबडीचा रस्सा द्या. बाप नकार देतो. कूनेच्या पद्धतीचे कटिस्नान आणि पाणी घातलेला संत्र्याचा रस सुरू होतो. ताप एकशे चारावर जातो, रात्री मुलगा बरळतो. बापाचे मन धास्तावते. मुलाच्या जिवावर असा प्रयोग करण्याचा आपल्याला काय हक्क, लोक काय म्हणतील, हे सारे प्रश्न त्याच्या मनात येऊन जातात. शेवटी तो ओल्या चादरीत मुलाला गुंडाळतो, त्याला आईच्या हवाली करून चौपाटीवर जातो, रामनाम घेत परत येतो. मुलाला घाम सुटलेला असतो. ताप उतरू लागतो.

मराठीत याच्या तोडीचे आजारपणाचे वर्णन मला चटकन आठवत नाही. परंतु मी स्वतः कादंबऱ्या लिहिते, म्हणून या कसबातले एक गुपित मला ठाऊक आहे. दोन गोष्टी एकापाठोपाठ एक सांगितल्या की वाचक त्यांच्यात कार्यकारणाचा धागा आपणच ओवतो. नायिका देवाला साकडे घालते, दुसऱ्या परिच्छेदात दारावर थाप पडते. बाकीचे काम वाचक करतो. विषमज्वर आपल्या मुदतीने उतरणारा ताप आहे. तो चादरीमुळे उतरला, मुदत भरली म्हणून उतरला, की आईच्या शुश्रूषेने, हे त्या एका रात्रीवरून कोणालाही सांगता येणार नाही. गांधीजींना हे कळत नव्हते काय? कळत होते. प्रकरणाच्या अखेरीस ते स्वतःच विचारतात, की मुलगा ईश्वरकृपेने बरा झाला, पाण्याच्या उपचाराने, की पथ्याने व शुश्रूषेने, हे कोणी सांगावे. ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावे. टीकाकाराची शंका लेखकाने आधीच मांडून ठेवलेली आहे. तक्रार एवढीच, की ती श्रद्धेच्या हवाली करून तो पुढे निघून जातो. संशोधन ज्या प्रश्नापाशी सुरू होते, तेथे हे प्रकरण संपते.

निसर्गोपचाराची बाजू घेणारे पुष्कळ ग्रंथ मी वाचले आहेत आणि त्यांत ही शंका औषधालाही सापडत नाही. गांधीजींचे मोठेपण त्यांच्या शंकेत आहे, आणि अनुयायांनी नेमकी तीच वगळली. दुधाचे उदाहरण पाहा. १९१२ साली त्यांनी दूध सोडले. दूध हा मनुष्याचा आहार नव्हे, असे जुन्या पुस्तकात ठासून सांगितले. १९१८च्या जबर आजारानंतर मुंबईच्या डॉ. दलालांनी दुधावाचून शरीर भरून येणार नाही असे बजावले. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या कस्तुरबा म्हणाल्या, की तुमचे व्रत गाई-म्हशीच्या दुधाचे. मग शेळीच्या दुधाला हरकत कसली? गांधीजींनी शेळीचे दूध घेतले, आणि व्रताचा शब्द पाळला, आत्मा मारला, अशी बोच जन्मभर बाळगली. आत्मकथेत त्यांनी वाचकांना उघड इशारा दिला: माझ्या पुस्तकावर विसंबून ज्यांनी दूध सोडले असेल, त्यांनी सर्व दृष्टींनी हितकर वाटत नसेल किंवा अनुभवी वैद्याचा सल्ला नसेल, तर हा प्रयोग चालू ठेवू नये. आपले आचरण बदलले आहे आणि पुस्तकाच्या सगळ्या वाचकांना ते ठाऊक नाही, अशी कबुलीही त्यांनी दिली. लेखक पुढे गेला, पुस्तक मागेच राहिले. असे ते पुस्तक अजून कित्येकांच्या हाती आहे.

१९२९ सालचा कच्च्या अन्नाचा प्रयोगही असाच. मोड आलेले गहू व हरभरे, बदामाची चटणी, नारळाचे दूध, वाटलेला पाला, लिंबू आणि मध. चुलीला सुट्टी. ‘यंग इंडिया’त त्याचा वृत्तांत छापून येई. काही महिन्यांनी प्रकृतीने दगा दिला, तेव्हा प्रयोग आवरता घेतला आणि तेही जाहीर केले. हे झाले स्वतःच्या पोटापुरते.

आता मात्र जे सांगायचे आहे ते जड आहे. १९१३च्या लेखमालेत देवीच्या रोगावर एक प्रकरण आहे. त्यात देवी टोचण्याच्या पद्धतीवर कडक टीका आहे. ती गलिच्छ आहे, हिंसेची आहे, असे गांधीजींचे मत. ते मत आश्रमातही आले आणि आश्रमातली मुले बिनटोचलेली राहिली. १९३० साली, दांडीयात्रेच्या तोंडावर, साबरमतीच्या आश्रमात देवी आल्या. तीन मुले गेली. त्यांत पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा मुलगा होता. पंडित खरे म्हणजे पलुसकरांचे शिष्य, आश्रमाच्या प्रार्थनेला सूर देणारा आपला मराठी माणूस. मुलाला निरोप दिल्यावर थोड्याच दिवसांत, १२ मार्चला, ते गांधीजींबरोबर दांडीच्या वाटेने चालू लागले. त्या मुलांच्या मृत्यूचा भार आपल्या शिरावर आहे, आपल्या अज्ञानाचा आणि हट्टाचा तर हा परिणाम नसेल, ही व्यथा गांधीजींनी जवळच्या माणसांपाशी बोलून दाखविली.

या ठिकाणी मी पुस्तक कितीदा मिटले आहे. व्यथा खरी होती यात शंका नाही. पण त्या आश्रमात एखाद्या आईला मनातून वाटले असेल, की माझ्या मुलाला टोचून घ्यावे, तर तिने ते कोणाला सांगायचे? तेथे सक्ती नव्हती. सक्ती असती तर तिच्याविरुद्ध भांडता तरी आले असते. तेथे होते प्रेम. आणि ज्याच्यासाठी घरदार सोडले, त्याच्या मताविरुद्ध टोचणीवाल्याला बोलावणे म्हणजे एका लशीचा प्रश्न न राहता सगळ्या नात्याचाच प्रश्न झाला असता. बाहेर आकडे होते, देवी टोचलेल्यांचे आणि न टोचलेल्यांचे. आश्रमाच्या दारातून ते आत येऊ शकले नाहीत. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी आढळला नाही, आणि १९८० साली सबंध जगातून देवी गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. माझ्या आईच्या दंडावर देवी टोचल्याचा मोठा व्रण आहे. माझ्या दंडावर तो नाही. गरजच उरली नव्हती.

‘चावी’कडे परत वळू. १९१३च्या पुस्तकात देवीवर प्रकरण होते. १९४२च्या पुस्तकात ते नाही. रोगवार प्रकरणेच गळून गेली आहेत, म्हणून हे ओघाने झाले असे कोणी म्हणेल. तसेही असेल. मला ती गाळलेली पाने पुस्तकातल्या छापील पानांइतकीच बोलकी वाटतात. परंतु मागे घेतलेले मत आणि न उच्चारलेले मत यांत फरक आहे, आणि येथे वाचकाला तो लेखकाने सांगायला हवा होता.

हा इतिहास जुना झाला असे समजू नये. आमच्या गावी सकाळी बागेत जमणारे एक निसर्गोपचार मंडळ आहे. माणसे मोठी जिव्हाळ्याची. कोणी आजारी पडला तर पाळीपाळीने डबा पोचवतील, रात्री उशाशी बसतील. दवाखान्यात पाच मिनिटेही न मिळणारे लक्ष तेथे भरपूर मिळते. दर आठवड्याला अनुभवकथन होते. गुडघे सुटले, पोट साफ झाले, झोप लागू लागली. एकदा एका निवृत्त पोस्टमास्तरांनी कोठल्याशा संशोधनाचे कात्रण आणले आणि त्या उपचाराने मधुमेहात फरक पडत नाही असे वाचून दाखविले. क्षणभर सारे गप्प. मग एक आजी म्हणाल्या, “अहो मास्तर, म्हणजे आम्ही खोटं बोलतो की काय?” मास्तर ओशाळले. “तसं नाही हो, आजी,” एवढेच म्हणाले आणि कात्रण खिशात गेले.

आजी खोटे बोलत नव्हत्या आणि कात्रणही खोटे नव्हते. ते कात्रण आजींविषयी नव्हतेच. ते होते शेकडो माणसांविषयी, त्यांत ज्यांना गुण आला नाही त्यांच्याविषयीही. अनुभवकथनाला येतो तो गुण आलेला माणूस. ज्याला आला नाही तो दुसऱ्या महिन्यापासून बागेत येणे सोडतो, आणि कोणी त्याचे नाव वहीतून काढतही नाही, कारण वहीच नसते. संशोधन म्हणजे त्या न आलेल्या माणसाच्या घरी जाऊन त्याची चौकशी करणे. आजींचा अपमान करावा असा त्यात काही हेतू नाही. पण हे त्यांना बागेत, चारचौघांत कोणी कसे समजावून सांगावे, ते मलाही जमलेले नाही. मास्तरांची चूक झाली असेल तर एवढीच, की त्यांनी सांत्वनाच्या जागी पुरावा वाचला.

‘चावी’त मातीवरच्या प्रकरणात विंचवाविषयी एक मजकूर आहे, तो मला या सबंध पुस्तकात सर्वांत मोलाचा वाटतो. गांधीजी सांगतात, की गांधीलमाशीच्या दंशावर मातीने बराच गुण येतो. विंचवावर त्या मानाने कमी. सेवाग्रामात विंचवांचा फार उपद्रव. आम्ही ठाऊक असलेले सगळे उपाय करून पाहिले, पण रामबाण असा एकही ठरला नाही. माती मात्र इतर उपायांच्या मागे पडली नाही. पाहा, येथे लेखक तुलना करतो, अपयश सांगतो, आणि दावा बेताचा ठेवतो. आणखी एकच पाऊल हवे होते: कोणत्या दंशावर कोणता उपाय केला, आणि पुढे काय झाले, हे लिहून ठेवण्याचे. कारण विंचू चावलेली बरीच माणसे कोणताही उपाय न करता बरी होतात. त्यांच्या जिवावर मांत्रिकाचा मंत्रही चालतो आणि मातीची पट्टीही. खरी परीक्षा होते ती जे मरतात त्यांच्यापाशी.

ती परीक्षा महाराष्ट्रातच झाली. कोकणातला लाल विंचू जीव घेतो. माणसाला दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, फुप्फुसात पाणी भरून तोंडाला फेस येतो. १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नेमणुकीवर आले. प्रयोगशाळा नाही, साधने बेताची. हा डॉक्टर रोग्याच्या खाटेशी तासन्‌तास बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपू लागला. विष हृदयाला कसे ग्रासते हे त्या टिपणांतून उमगत गेले, आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्याने विंचूदंशावर वापरले. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा निबंध आला. हे औषध येण्यापूर्वी दवाखान्यात पोचलेली माणसेही डोळ्यांदेखत दगावत. पुढे मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले.

माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे पुढेच आहे. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डॉ. बावस्करांनी महाडच्याच ७० रोग्यांची मोजणी प्रसिद्ध केली. ३५ जणांना नुसते प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिनच्या जोडीला विंचवाच्या विषावरचा उतारा. कोणाला काय द्यायचे ते डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठीसारखे नशिबावर सोपवलेले. दहा तासांत पहिल्या गटातले ८ जण पूर्ण बरे झाले, दुसऱ्यातले ३२. म्हणजे ज्या औषधाने नाव झाले, त्याच्या एकट्याच्या बळाची मर्यादा या माणसाने आपल्याच वहीतून जगाला दाखविली. गांधीजींनी शेळीच्या दुधाची कबुली दिली तिच्या जातीचाच हा प्रामाणिकपणा. फक्त येथे त्याला आकड्यांचे पाठबळ आहे, आणि म्हणून तो दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.

कस्तुरबांच्या अखेरच्या आजाराविषयी न लिहिता हा विषय संपवता आला असता, तर बरे वाटले असते. ‘चावी’ १८ डिसेंबर १९४२ रोजी पुरी झाली. त्यानंतर चौदा महिन्यांनी, २२ फेब्रुवारी १९४४ला, त्याच महालात बा गेल्या. त्यांच्या उशाशी आधुनिक वैद्यकाचे डॉ. गिल्डर व डॉ. सुशीला नय्यर होते, निसर्गोपचाराचे डॉ. दिनशा मेहता होते, आयुर्वेदाचे पंडित शिव शर्मा होते. सरकार वैद्यबुवांना रात्री आत राहू देईना, तेव्हा ते फाटकाबाहेर मोटारीत निजत. एका बाईच्या खाटेभोवती तीन शास्त्रे अशी उभी होती, आणि माझ्या वाचनात आलेले आहे त्यावरून ती भांडली नाहीत. एकाने हात टेकले की दुसऱ्याने पुढे व्हावे, असे चालले. शेवटी देवदासभाईंच्या खटपटीने कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलिन आले. दर काही तासांनी सुई टोचावी लागणार हे कळल्यावर गांधीजी नको म्हणाले. यावरून त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे पुष्कळ आहेत. मी त्यांत नाही. हृदय थकलेले, आशा मावळलेली, आणि मरणाऱ्या माणसाला सुखाने जाऊ द्यावे असे वाटणाऱ्या नवऱ्याला मी तेवढ्यासाठी दोष देणार नाही. फक्त ज्या बाईने शेळीच्या दुधाची युक्ती काढून नवऱ्याचा जीव वाचविला, तिला त्या दिवशी कोणी काय विचारले, हे कळावे अशी फार इच्छा होते.

‘चावी’चे इंग्रजी भाषांतर याच सुशीला नय्यर यांनी केले, ही गोष्ट वाचक सहसा ध्यानात घेत नाहीत. आधुनिक वैद्यकाची एम.डी. पदवी घेतलेली बाई मातीच्या पट्टीचे प्रकरण जपून इंग्रजीत नेते, आणि पुढे, १९६९ साली, त्या विंचवांच्या सेवाग्रामात वैद्यकीय महाविद्यालय उभे करते. या दोन कामांत तिला विसंगती वाटली नसावी. उरुळीकांचनचेही तसेच. १९४६च्या मार्चमध्ये गांधीजी तेथे राहिले, गावकऱ्यांना कटिस्नान आणि रामनाम सांगितले, आणि मणिभाई देसाईंना मागे ठेवून गेले. मणिभाईंनी निसर्गोपचार आश्रम तर चालविलाच, शिवाय १९६७ साली बायफ संस्था काढून गाईंच्या कृत्रिम रेतनाचे काम गावोगावी नेले. तेथे मोजणीशिवाय पान हलत नाही: कोणत्या गाईला किती दूध, किती वासरे, किती वेळा अपयश.

‘आरोग्यनी चावी’ अजूनही छापली जाते आणि छापली जावी. प्रकाशकांना माझी एकच सूचना आहे. आत्मकथेतले माती-पाण्याच्या उपचारांचे प्रकरण, ज्यात गांधीजींनी दुधाविषयी इशारा दिला आहे, ते पुस्तकाच्या आरंभीच जोडावे. आणि १९३० सालच्या साबरमतीच्या त्या तीन मुलांविषयी अर्ध्या पानाची टीप घालावी. टीप मातीच्या प्रकरणाअगोदर असावी, शेवटी नको. शेवटची पाने कोणी वाचत नाही, हे मी शाळेत रोज पाहते.